पिंजऱ्याचे दार उघडण्यापूर्वी

मी शाळेत असताना अंबरनाथला आमच्या चाळीत एका काकूंकडे पोपट होता. नाव अर्थातच मिठू. दारातल्या खिळ्याला त्याचा गोल पिंजरा टांगलेला असे. डाळ, मिरची, पेरूची फोड आणि चहात बुडवलेले बिस्किट हे त्याचे जेवण. तो 'काकू', 'ये ये' आणि 'कोण आलं' असे तीन शब्द बोले, आणि सगळ्या चाळीला त्याचे कौतुक होते.

एका १५ ऑगस्टला झेंडावंदन करून आम्ही तिघे मित्र घरी परतलो. स्वातंत्र्यावरची भाषणे कानांत घुमत होती. काकू नळावर गेल्या होत्या. आम्ही पिंजऱ्याचे दार उघडले. मिठू आपणहून बाहेर येईना, म्हणून आम्ही त्याला बाहेर काढले आणि उडवले. तो कसाबसा समोरच्या आंब्याच्या खालच्या फांदीपर्यंत पोहोचला आणि तेथेच बसून राहिला. दुपारभर तो 'काकू, काकू' असे ओरडत होता. संध्याकाळी डोक्यावरून पोपटांचा एक थवा कर्कश आवाज करीत गेला. मिठूने वर पाहिलेसुद्धा नाही. रात्री पाऊस कोसळला. सकाळी झाडाखाली कावळे जमलेले दिसले, तेव्हा आम्ही समजलो.

काकू आम्हांला रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "त्याला उडता येत नव्हतं रे."

आमचा हेतू चांगला होता, पण पोपटाविषयीचे ज्ञान शून्य होते. त्या दिवशी तीन प्रश्न मनात राहिले. पंख असलेल्या पक्ष्याला उडता का आले नाही? झाडावर बसूनही तो उपाशी का राहिला? आणि स्वतःच्या जातीचा थवा डोक्यावरून जात असताना तो त्यांच्यात का गेला नाही? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधली की पिंजऱ्यातल्या पोपटाची सुटका म्हणजे नेमके काय, हे आपोआप कळते.

आपल्या भागातले पोपट

उल्हास नदी लोणावळ्याच्या बाजूच्या डोंगरांतून उतरते आणि कर्जत, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण अशी वाहत पुढे वसईच्या खाडीला मिळते. या खोऱ्यात सर्वांत जास्त दिसणारा पोपट म्हणजे राघू किंवा कीर. शास्त्रीय भाषेत त्याला सिटॅक्युला क्रॅमेरी म्हणतात. लांबी शेपटीसह सुमारे ४० सेंटिमीटर, पण त्यातली निम्म्याहून अधिक नुसती शेपटी! वजन जेमतेम १२० ग्रॅम, म्हणजे एका मध्यम पेरूइतके. नराच्या गळ्याभोवती काळा आणि गुलाबी कंठ असतो. तो जन्मतः नसतो. दोन-तीन वर्षांचा झाल्यावर उमटतो. मादीच्या गळ्याला असा ठळक कंठ नसतो. त्यामुळे कंठ नसलेला पोपट दिसला, तर ती मादी असेल किंवा अजून वयात न आलेला नर असेल.

याच्याहून मोठा, खांद्यावर तांबडा डाग असलेला तो करण पोपट, ज्याला काही लोक पहाडी पोपट म्हणतात. डोंगराकडच्या झाडीत टुईया पोपटही दिसतो. याच्या नराचे डोके पिकल्या आलुबुखारसारख्या रंगाचे असते. चौथा, निळसर पंखांचा मलबारी पोपट हा तर पश्चिम घाटाखेरीज जगात कोठेच आढळत नाही.

पोपटाचा पाय नीट पाहा. चिमणीच्या पायाला तीन बोटे पुढे आणि एक मागे असते. पोपटाची दोन पुढे आणि दोन मागे असतात. त्यामुळे त्याचा पाय चिमट्यासारखा काम करतो. एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने फळ धरून खाणारे पक्षी फार थोडे आहेत. पोपट त्यांपैकी एक. त्याच्या चोचीचा वरचा भागही कवटीशी सांध्याने जोडलेला असून हलू शकतो. चढताना ही चोच तिसऱ्या पायासारखी वापरता येते. फांद्यांत चढणे, लोंबकळणे, सोलणे आणि कुरतडणे यांसाठी हे सारे शरीर घडलेले आहे. एका सपाट दांडीवर जन्मभर बसण्यासाठी ते घडलेले नाही.

पोपट पिंजऱ्यात येतो कोठून?

राघू आपले घरटे काड्यांनी बांधत नाही. झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात तो अंडी घालतो. आपल्याकडे विणीचा हंगाम साधारणपणे जानेवारी ते एप्रिल असतो. मादी बहुधा ३ ते ५ अंडी घालते. सुमारे तीन आठवडे उबवल्यावर पिले बाहेर येतात. ती आंधळी आणि पिसांवाचून असतात. उडता येण्यासाठी त्यांना आणखी सहा-सात आठवडे लागतात.

पकडणारे नेमके याच दिवसांत ढोलीत हात घालतात. हाताने भरवलेले पिलू लवकर माणसाळते, म्हणून त्याला मागणी असते. ढोली तोडून पिले काढली, की त्या वर्षीची वीण बुडतेच, शिवाय ती ढोलीही कायमची निकामी होते. ढोली तयार व्हायला जुने झाड लागते. नवी रोपे लावून ती लगेच मिळत नाही. आपल्या शहरांत रस्ते आणि इमारती वाढताना जुनी झाडे तुटतात, तेव्हा पोपटांची घरेही तुटतात, हे येथे लक्षात ठेवावे.

अनेकांना वाटते, की पोपट हा कुत्र्या-मांजरासारखा पाळीव प्राणी आहे. तसे नाही. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या घरात पिढ्यान्पिढ्या वाढला. पिंजऱ्यातला राघू मात्र बहुधा रानातूनच आलेला असतो. भारताने १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा केला. १९९१ च्या दुरुस्तीपासून भारतीय रानपक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. २०२२ मध्ये हा कायदा पुन्हा दुरुस्त झाला आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. राघूला या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत स्थान आहे. अर्थ स्पष्ट आहे : भारतीय जातीचा पोपट पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरी पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवास व दंडाची तरतूद आहे. रस्त्यावर पोपटाकडून चिठ्ठी उचलवून भविष्य सांगणाऱ्यालाही हा कायदा लागू आहे.

पहिला प्रश्न : उडता का आले नाही?

राघूने दोन्ही पंख पसरले, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे ४५ सेंटिमीटर भरते. बाजारातल्या लहान गोल पिंजऱ्याचा व्यास ३० सेंटिमीटरच्या आसपास असतो. पट्टी घेऊन हे अंतर कागदावर आखून पाहा. पंख पूर्ण उघडणेच शक्य नाही, मग फडफडणार कसे?

पक्ष्याला उडवणारे स्नायू पंखात नसून छातीवर असतात. ते छातीच्या कण्यासारख्या उभ्या हाडाला चिकटलेले असतात. प्लॅस्टरमध्ये महिनाभर ठेवलेला हात कसा बारीक होतो, हे तुम्ही पाहिले असेल. न वापरलेला स्नायू झिजतो. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पोपटाच्या छातीवर बोट फिरवले, तर मधले हाड सुरीच्या पात्यासारखे टोचते. काही पोपट उलट इतके लठ्ठ होतात, की स्नायूंना ते वजन पेलत नाही.

त्यातच पुष्कळदा पंखांची पिसे कापलेली असतात. येथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. आपले नख कापले तर ते वाढत राहते. कापलेले पीस मात्र वाढत नाही, कारण पूर्ण वाढ झालेले पीस निर्जीव असते. त्याचा उरलेला दांडा गळून पडल्यावरच त्या जागी नवे पीस येते. पिसे गळण्याची ही क्रिया साधारण वर्षातून एकदा, विणीच्या हंगामानंतर, थोडी थोडी करून होते. म्हणजे आज पिसे कापलेला पोपट मिळाला, तर तो उडण्याजोगा होण्यासाठी काही महिने वाट पाहण्याखेरीज उपाय नाही. आमचा मिठू या दोन्ही कारणांनी जागेवरच अडकला होता.

दुसरा प्रश्न : झाडावर बसून उपाशी का?

रानातला राघू दिवसभरात अनेक प्रकारचे खाद्य खातो. त्यात फळे, कळ्या, फुलांतला मध, शेंगा, धान्य आणि निरनिराळ्या बिया येतात. उंबर, पेरू, जांभूळ हे त्याच्या आवडीचे. भौगोलिक मानांकन मिळालेले बदलापूरचे जांभूळ माणसांइतकेच पोपटांनाही गोड लागते! कोणत्या महिन्यात कोणते झाड फळते, हे पिलू आपल्या आईबापांबरोबर आणि थव्याबरोबर हिंडून शिकते. हे ज्ञान उपजत नसते. वाटीतून खाणाऱ्या पोपटाला फांदीवरचे फळ हे अन्न आहे, हेही ओळखता येत नाही.

पिंजऱ्यातला आहार आणखी एक घोटाळा करतो. केवळ सूर्यफुलाच्या बिया दिल्या, तर पोपट त्याच आवडीने खातो, कारण त्यांच्या गरात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. त्याने यकृतात चरबी साठते. अ-जीवनसत्त्व कमी पडले, की नाक, डोळे आणि श्वासमार्ग यांचे आतले अस्तर खराब होते आणि वारंवार संसर्ग होतो. कॅल्शियम कमी पडले, की हाडे ठिसूळ होतात. मिठाचे फरसाण, चहा-बिस्किट आणि चॉकलेट हे तर पोपटाचे अन्नच नव्हे. चॉकलेट त्याला विषारी आहे.

आणि मिरची? मिरचीतला तिखट पदार्थ म्हणजे कॅप्सायसिन. सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवर या पदार्थाला ओळखणारी एक ग्राही-प्रथिने असतात. त्यांचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पक्ष्यांमधील ही प्रथिने कॅप्सायसिनला दाद देत नाहीत. म्हणून तुमच्या डोळ्यांत पाणी आणणारी मिरची पोपट शांतपणे खातो. त्याला ती तिखट लागतच नाही. मिरची खाल्ल्याने पोपट लवकर बोलतो, ही समजूत मात्र निराधार आहे.

तिसरा प्रश्न : थव्यात का गेला नाही?

हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि त्याचे उत्तर पोपटाच्या बोलण्यात दडलेले आहे.

आपले स्वरयंत्र घशात असते. पक्ष्यांचा आवाज मात्र श्वासनाल जेथे दोन फुप्फुसांकडे फुटते, त्या फाट्यावरच्या शब्दिनी नावाच्या अवयवात तयार होतो. पोपट आपली जाड, मांसल जीभ हलवून या आवाजाला आकार देतो. पण यंत्र असणे वेगळे आणि ऐकलेला आवाज शिकून पुन्हा काढणे वेगळे. पक्ष्यांमध्ये ही शिकण्याची शक्ती मुख्यतः तीन गटांत आढळते : गाणारे पक्षी, गुंजनपक्षी आणि पोपट. कोंबडीला तुम्ही जन्मभर शिकवलेत, तरी ती 'ये ये' म्हणणार नाही.

निसर्गाने ही शक्ती पोपटाला कशासाठी दिली असावी? माणसांची करमणूक करण्यासाठी नक्कीच नव्हे. २०११ मध्ये व्हेनेझुएलातल्या एका लहान हिरव्या पोपटाच्या जातीवरचे संशोधन प्रसिद्ध झाले. कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की प्रत्येक पिलाची स्वतःची एक हाक असते, जणू त्याचे नावच. ती उपजत असते की शिकलेली? हे ठरवण्यासाठी त्यांनी काही घरट्यांतली अंडी बदलली. त्या अंड्यांतून निघालेल्या पिलांच्या हाका जन्मदात्यांसारख्या न होता पाळणाऱ्या आईबापांसारख्या झाल्या. म्हणजे पोपटाचे पिलू आपल्या कुटुंबाची बोली शिकते. आवाजाने ओळख पटवणे आणि थव्याशी बांधलेले राहणे यासाठी ती बोली असते.

आता मिठूकडे पाहा. डोळे उघडले तेव्हा त्याच्याभोवती पोपट नव्हते, माणसे होती. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी दाखवून दिले, की हंसाची पिले अंड्यातून बाहेर आल्यावर जो हलता प्राणी प्रथम पाहतात, त्याच्याच मागे चालू लागतात. मग तो माणूस का असेना! कोवळ्या वयात मनावर बसणाऱ्या अशा ठशांच्या अभ्यासासह प्राण्यांच्या वर्तनावरील कार्याबद्दल लोरेंझ यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक दोन शास्त्रज्ञांसह विभागून मिळाले. पोपट हंसाप्रमाणे काही तासांत शिकत नाही, पण हाताने वाढवलेल्या पोपटावरही माणसाचा ठसा बसतो. मग काकू हाच त्याचा थवा होतो आणि 'काकू' ही त्याच्या थव्याची हाक. झाडावर बसून तो दुपारभर आपल्या थव्याला बोलावत होता! वरून गेलेले पोपट त्याच्या दृष्टीने परके होते.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. 'आमचा पोपट किती छान बोलतो' असे आपण म्हणतो, तेव्हा तो बहुधा एकटेपणातून आपल्याशी नाते जोडू पाहत असतो. फार काळ एकटा ठेवलेला पोपट कधी कधी स्वतःची पिसे उपटू लागतो किंवा तासन् तास मान हलवत राहतो.

खरी सुटका कशी होते?

पोपट वन विभागाच्या ताब्यात आल्यावर किंवा उपचार केंद्रात पोहोचल्यावर काम सुरू होते. मुंबईत परळ येथे बाई साकराबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. नागपूरला सेमिनरी हिल्स येथे आणि पुण्याजवळ बावधन येथे वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्रे आहेत. कामाचे टप्पे साधारण असे असतात.

१. विलगीकरण. नवा पक्षी प्रथम इतरांपासून दूर ठेवतात. पोपटांना होणारा सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही होऊ शकतो. १९२९-३० साली दक्षिण अमेरिकेतून विक्रीसाठी गेलेल्या पोपटांमुळे तो अनेक देशांत पसरला होता. चोच आणि पिसे विद्रूप करणारा एक विषाणूही पोपटांत आढळतो. असा आजारी पक्षी घाईने सोडला, तर तो रानातला सगळा थवा धोक्यात आणू शकतो.

२. वजन आणि तपासणी. वजन रोज करतात. १२० ग्रॅमच्या पोपटाचे १२ ग्रॅम घटले, तर ते ४० किलोच्या मुलाचे ४ किलो घटण्याइतके आहे. तारा कुरतडून जस्त किंवा रंगातले शिसे पोटात गेले आहे का, हेही पाहतात.

३. आहारबदल. बियांची सवय एकदम तोडली, तर पक्षी उपाशी राहतो. म्हणून फळे, भाज्या, मोड आलेली कडधान्ये हळूहळू वाढवतात. पुढे अन्न वाटीत न ठेवता फांद्यांना बांधतात, म्हणजे ते शोधून आणि सोलून खाण्याची सवय लागते.

४. उड्डाणाचा सराव. नवी पिसे आल्यावर पक्ष्याला लांब पक्षिगृहात ठेवतात. प्रथम दोन मीटर, मग पाच, मग दहा. न धापता पुनःपुन्हा उडून वळता आले पाहिजे.

५. सोबत. एकट्याला न ठेवता त्याच जातीच्या पक्ष्यांबरोबर ठेवतात. माणसांनी त्यांच्याशी बोलायचे नाही, लाड करायचे नाहीत. प्रेम येथे अंतर ठेवून करावे लागते, आणि सेवकांना हेच सर्वांत जड जाते.

६. मुक्तता. त्याच जातीचे पोपट जेथे मुळातच राहतात, तेथे पक्षिगृह ठेवून काही दिवसांनी दार उघडतात. बाहेर काही काळ खाद्य ठेवतात. ज्याला जमेल तो जातो, ज्याला जमत नाही तो परत येतो.

सगळे पोपट ही परीक्षा उत्तीर्ण होत नाहीत. पंखाचे हाड वेडेवाकडे जुळलेला, आंधळा किंवा माणसाशिवाय राहूच न शकणारा पोपट सोडणे म्हणजे त्याला मारणेच होय. अशांना मोठ्या पक्षिगृहात आपल्या जातीच्या सोबतीने आयुष्य काढू देतात. राघू पिंजऱ्यात २० ते ३० वर्षे जगू शकतो. म्हणजे ही जबाबदारी एका दिवसाच्या दयेची नसून पंचवीस वर्षांची आहे.

परदेशी पोपटांचे काय?

आफ्रिकेतला करडा पोपट, दक्षिण अमेरिकेतले मॅकॉ आणि ऑस्ट्रेलियातले काकाकुवा हेही आपल्या शहरांतल्या घरांत दिसतात. त्यांना भारताच्या रानात सोडायचे नाही, हा पहिला नियम. येथील हवा, अन्न आणि शत्रू यांची त्यांना ओळख नसते. आणि एखादी जात तग धरून वाढलीच, तर दुसरीच अडचण उभी राहते. याचे उदाहरण आपला राघूच आहे. १९७४ साली ब्रुसेल्समधल्या एका उद्यानातून सुमारे ४० राघू सोडण्यात आले. आज त्या शहरात त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. झाडांतल्या ढोलींसाठी ते तेथल्या लहान पक्ष्यांशी स्पर्धा करतात. येथे ज्याला संरक्षण द्यायचे, तोच पक्षी तेथे उपरा ठरतो.

म्हणून नकोसा झालेला परदेशी पोपट सोडून न देता दुसरे योग्य घर शोधून द्यावे लागते. आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत असलेल्या अशा पक्ष्यांची सरकारकडे नोंदणी करणे २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. नवे घर देताना हे विचारावे : पक्षी रोज काही तास पिंजऱ्याबाहेर राहील का? पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य जवळ आहे का? आणि वीस वर्षांनी त्याला कोण सांभाळेल? करडा पोपट ४० वर्षेही जगतो. आज तुम्ही १४ वर्षांचे असाल, तर त्या वेळी तुम्ही ५४ वर्षांचे असाल!

पोपट सापडला तर

संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या मांज्याने जखमी झालेले पक्षी सापडतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली, तरीही तो फांद्यांत अडकलेला दिसतो. तेच दिवस राघूच्या विणीचे असतात, त्यामुळे एक पोपट मेला तर ढोलीतली पिलेही उपाशी पडण्याचा धोका असतो. पोपटाच्या शरीरात रक्त असते सुमारे १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे. म्हणून वेळ घालवू नये.

पोपटावर हलकेच फडके टाकून त्याला उचला. चोचीपासून बोटे जपा. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून तळाशी कापड घाला आणि पक्ष्याला अंधारात, उबेत, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनालेत जाऊन पक्षी गुदमरतो. अडकलेला मांजा ओढू नका. नंतर हात साबणाने धुवा. मोठ्यांना बरोबर घेऊन वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा किंवा जवळच्या वन कार्यालयात जा. ढोलीतून पडलेले पिलू धडधाकट असेल आणि ढोली सापडली असेल, तर ते पुन्हा ढोलीत ठेवणे हाच उत्तम उपाय आहे. पण झाडावर स्वतः चढू नका. शेजाऱ्यांकडे पिंजरा असेल, तर भांडण न करता त्यांना हा लेख वाचायला द्या. आणि आम्ही केले तसे दार मात्र उघडू नका.

करून पाहा

शाळेतल्या चार-पाच जणांचा गट करा. आपल्या भागातल्या जुन्या झाडांचा नकाशा काढा आणि ज्यांत ढोली आहे त्यांवर खूण करा. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर, बदलापूरच्या नदीकाठची झाडी किंवा उल्हासनगरच्या एखाद्या जुन्या रस्त्याकडेची झाडे, कोठूनही सुरुवात करता येईल. जानेवारी ते एप्रिल दर रविवारी, दुरून, त्या ढोलींत कोण जाते-येते याची तारखेसह नोंद करा. ढोलीजवळ जाऊ नका आणि ढोलींचा नकाशा अनोळखी माणसाच्या हाती देऊ नका. संध्याकाळी थवे कोणत्या दिशेला जातात, ते होकायंत्राने पाहा. दोन-तीन ठिकाणांहून काढलेल्या दिशा नकाशावर रेषांनी दाखवल्यात, तर त्या जेथे मिळतात तेथे त्यांचे रात्रीचे मुक्कामाचे झाड सापडेल. एखादे ढोलीचे झाड तोडले जाणार असल्याचे समजले, तर हीच वही घेऊन शिक्षकांसह नगरपालिकेकडे जाता येईल.

आमच्या चाळीसमोरचा तो आंबा पुढे अनेक वर्षे होता. त्याच्या वरच्या ढोलीत दर हिवाळ्यात राघूची जोडी येत असे. काकू दारात बसून त्यांच्याकडे पाहत. त्यांनी पुन्हा पिंजरा टांगला नाही. खिळा मात्र तसाच राहिला होता.

विचार करा

१. कापलेले पीस लगेच का वाढत नाही?
२. अंडी बदलण्याच्या प्रयोगावरून हाक उपजत नसते, हे कसे सिद्ध झाले? पिले मूळ घरट्यातच ठेवली असती, तर हा निष्कर्ष काढता आला असता का?
३. दोन पोपट एकाच वेळी सुटकेसाठी आले आहेत. एक महिन्यापूर्वी रानातून पकडलेला प्रौढ नर आहे, दुसरा पिलू असल्यापासून दहा वर्षे घरात वाढलेला आहे. कोण लवकर रानात जाऊ शकेल? का?
४. राघू भारतात संरक्षित आणि ब्रुसेल्समध्ये उपरा, यात विसंगती आहे का?